प्रश्न विमानाचा नाही



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय फारच छोटा आहे, असे काहींना वाटेल. गरोदर बाई, तिची खाली असलेली वार आणि विमानाचे तिकीट. डॉक्टरांनी दोन वाक्यांत उत्तर द्यावे आणि मोकळे व्हावे, इतकाच हा प्रश्न दिसतो. तो तसाच विचारला जातो आणि उत्तरही तसेच मिळते. विसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी होते. अहवालाच्या तळाशी ‘लो लाइंग प्लासेंटा, इंटर्नल ऑसपासून १४ मिमी’ असे काहीतरी छापलेले असते. डॉक्टर म्हणतात, ‘वार खाली आहे, जपून राहा.’ दुसऱ्या दिवसापासून घरात खल सुरू होतो. कारण न्यू जर्सीहून पुण्याला बाळंतपणाला यायचे ठरलेले असते, किंवा मस्कतहून सावंतवाडीला. कुठे नवऱ्याची बदली सिंगापूरला झालेली असते आणि बरोबर जायचे असते. कुठे नुसतेच चार दिवस थायलंडला जायचे असते, बाळ येण्याआधी दोघांनी म्हणून; त्याला ‘बेबीमून’ असे नावही आता आले आहे. या सगळ्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो: ‘विमानात बसलेले चालेल का?’ माझे म्हणणे असे, की इथेच बोट चुकीच्या जागी पडते. विमानाने वारेला काही होत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. घरातून निघाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत, दर तासाला ही बाई रक्तपेढीपासून आणि सिझर करू शकणाऱ्या टेबलापासून किती मिनिटांवर असेल? हा हिशेब मांडला की बरीचशी उत्तरे आपोआप मिळतात, आणि काही फार गैरसोयीची असतात.

आधी वारेचेच बोलू, कारण ‘खाली आहे’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. वार गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला चिकटलेली असते. ती वरच्या भागात असली तर बाळ आधी बाहेर येते आणि मागून वार पडते. ती खालच्या भागात असली आणि पिशवीच्या तोंडाला, म्हणजे अहवालातल्या ‘इंटर्नल ऑस’ला, झाकत असली, तर बाळाच्या वाटेवरच ती आडवी पडलेली असते; वैद्यकात हिला ‘प्लासेंटा प्रीव्हिया’ म्हणतात. तोंड झाकलेले नाही, पण वारेची कड तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत आहे, तर ती ‘लो लाइंग’. वर म्हटलेले १४ मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या नखाची रुंदी. एवढ्याशा अंतरावर इतके अवलंबून का, तर सातव्या महिन्यापासून गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबू लागतो. आधी मिलिमीटरांत मोजावा असा तो पट्टा शेवटी काही सेंटिमीटरांचा होतो. त्याला चिकटलेली वार मात्र तशी ताणली जात नाही. मग ती सांध्यावर सुटते आणि रक्त जाऊ लागते. कळा नसतात, दुखत नाही. झोपेतून उठावे आणि अंगावरून लालभडक जात असावे, अशी ही सुरुवात. याच ताणण्याची दुसरी, चांगली बाजू अशी की खालचा भाग लांबल्यामुळे बहुतेकींच्या बाबतीत वारेची कड तोंडापासून दूर जाते. ‘वार वर सरकली’ असे आपण म्हणतो. सरकत ती नाही, भिंत वाढते. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या दहांपैकी साधारण नऊ वारा दिवस भरेपर्यंत वाट मोकळी करतात. म्हणून ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे २०१८ चे मार्गदर्शन सांगते की ३२ व्या आठवड्यात पुन्हा पाहा, तेव्हाही खाली असेल तर ३६ व्या आठवड्यात पुन्हा. ही तपासणी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने करायची. पोटावरून दिसते त्यापेक्षा ती नेमकी असते, आणि तिने रक्तस्राव सुरू होईल ही भीती निराधार आहे.

आता विमानाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढू. केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असते. आईच्या रक्तातला प्राणवायू थोडा कमी होतो. पण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते, कमी प्राणवायूतूनही ते आपला वाटा ओढून घेते. निरोगी गरोदर बाईला अधूनमधून केलेला विमानप्रवास अपाय करत नाही, हे अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. सुरक्षा-तपासणीची कमान आणि आकाशातला किरणोत्सर्ग यांचीही धास्ती एखाददुसऱ्या प्रवासाला घ्यायचे कारण नाही. हादऱ्यांनी वार सुटत नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि गरोदरपणात तो वाढलेला असतो. इथे एक खोच आहे. ज्यांना हा धोका जास्त, अशा गरोदर बायकांना डॉक्टर कधी कधी रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिनचे इंजेक्शन देतात. जिची वार तोंडावर आहे तिला ते द्यायचे की नाही, हा डॉक्टरांनाही दोनदा विचार करायला लावणारा प्रश्न आहे. एवढे सोडले तर विमान निर्दोष. पण त्याच अमेरिकन संघटनेच्या निवेदनाचा पुढचा भाग लोक वाचत नाहीत: ज्या गुंतागुंतीत अचानक तातडीच्या उपचारांची गरज पडू शकते, त्या बाईने उडू नये. वार तोंडावर असणे हे याचे अगदी नमुनेदार उदाहरण होय.

हा ‘अचानक’ शब्द नीट समजायचा तर १९४५ सालापर्यंत मागे जावे लागते. तोवर वार तोंडावर आहे असे कळले की बाळंतपण लगेच उरकायचे, अशी रीत होती. बाळ किती महिन्यांचे आहे याला फारशी किंमत नसे, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे जात. बेलफास्टच्या सी. एच. जी. मॅकाफी यांनी त्या वर्षी १७४ बायकांचा वृत्तांत छापला. त्यांच्या लक्षात असे आले की पहिला रक्तस्राव सहसा जीव घेत नाही; मात्र कोणी बोट घालून आतून तपासायला जाऊ नये, कारण तपासणाऱ्याच्या बोटानेच वार सुटते. मग त्यांनी थांबायचे ठरवले. बाईला रुग्णालयात ठेवायचे, रक्त तयार ठेवायचे, शस्त्रक्रियेची सोय रात्रंदिवस सज्ज ठेवायची आणि बाळाचे दिवस भरत आणायचे. १७४ पैकी एकच आई दगावली. त्याच वर्षी अमेरिकेत हर्मन जॉन्सन यांनीही असेच काही मांडले. मॅकाफींचे श्रेय आपण ‘थांबा आणि वाट पाहा’ एवढ्यात मोजतो, पण थांबणे सोपे होते. अवघड होते ते थांबण्याची जागा निवडणे. ती जागा काढून घेतली तर त्या पद्धतीत नुसते वाट पाहणेच उरते, आणि ते तर मॅकाफींच्या आधीही कोणालाही करता आले असते. पुढे १९९६ मध्ये ५३ बायकांवर चाचणी झाली. एकदा रक्त जाऊन थांबलेल्या काहींना रुग्णालयात ठेवले, काहींना घरी सोडले, आणि फारसा फरक दिसला नाही. ही चाचणी अधूनमधून प्रवासाच्या बाजूने पुढे केली जाते. पण ५३ हा आकडा लहान आहे, आणि ‘घरी’ याचा अर्थ ‘कुठेही’ असा होत नाही. आजचे मार्गदर्शनही घरी राहण्याला परवानगी देताना मदतीला माणूस हवे आणि रुग्णालयात सहज पोचता यायला हवे, अशी अट घालते.

आता हीच अट विमानाला लावून पाहा. मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारे थेट विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. वैमानिक वाटेत उतरू शकतो, हे खरे. पण कुठे आणि किती वेळात? लांबच्या मार्गांवर दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या आतच उडावे लागते. बोइंग ७८७ सारख्या विमानाला ही मुभा ३३० मिनिटांपर्यंत मिळालेली आहे. ती एक इंजिन बंद पडले तर, असे धरून. पण साडेपाच तास हा आकडा आपल्या हिशेबात ठेवण्यासारखा आहे, कारण उत्तर ध्रुवाकडून किंवा पॅसिफिकवरून जाणाऱ्या मार्गावर जवळचा विमानतळ खरोखरच तासन्‌तास दूर असू शकतो, आणि जवळ असला तरी त्या गावात रक्त असेलच असे नाही. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. सगळेच बाहेर जाते असे नव्हे, पण झरा किती मोठा आहे ते यावरून कळावे. तरुण बाईचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. पहिला रक्तस्राव बहुधा छोटा असतो, मग वेळ मिळेलच की, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच: हो, मिळतो. तो वेळ रुग्णालयात रक्त जुळवण्यात आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देण्यात जातो. विमानात तो नुसताच निघून जातो. ‘विमानात कोणी डॉक्टर आहे का?’ या घोषणेवर उठून येणारा सज्जन हाडांचा डॉक्टर असू शकतो. वार खाली आहे हे त्याला सांगणारी फाइल अनेकदा खाली सामानाच्या कप्प्यात, बॅगेत, डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली असते. प्रवास करायचाच तर निदान ती फाइल हातातल्या पिशवीत हवी, आणि ‘आतून तपासू नका’ हे वाक्य त्या बाईला स्वतःला पाठ हवे.

मग विमान कंपनीचा दाखला? बहुतेक कंपन्या २८ व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि एका बाळाच्या गरोदरपणात ३६ व्या आठवड्यापर्यंत नेतात. ते पत्र मिळाले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ही मर्यादा मुळात कशासाठी आहे? बाई विमानातच बाळंत होऊ नये म्हणून. ती कळांचा हिशेब धरते, आणि वारेचे रक्त कळांची वाट पाहत नाही. आता योगायोग पाहा. कंपनी पत्र मागू लागते तो २८ वा आठवडा, खालचा भाग ताणला जाऊन पहिले रक्त दिसू लागते तो सुमारही तोच, आणि आपल्याकडे ओटी भरून, डोहाळजेवण करून लेकीला माहेरी न्यायचा सातवा महिनाही तोच. रूढीने आणि विमान कंपनीने मिळून प्रवासासाठी नेमका तो काळ निवडला आहे, ज्यात ही एक बाई कुठेच हलू नये.

रूढीला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्यामागे मोठे शहाणपण होते. कामातून सुटका, आईचा हात, ओळखीची सुईण, शेक-शेगडी आणि अळिवाची खीर; थोडक्यात, गरज पडण्याआधीच मदतीच्या जवळ जाऊन बसणे. पण ही रूढी बैलगाडीच्या अंतरावरची आहे. माहेर चार कोसांवर किंवा फार तर पुढच्या तालुक्यात असे. आता ते बारा हजार किलोमीटरवर आहे, आणि ज्या मदतीजवळ जाऊन बसायचे ती सुईणीच्या घरात राहिलेली नाही. हेतू राखायचा तर दिशा उलटी करावी लागेल: लेकीने आईकडे जाण्याऐवजी आईने लेकीकडे जावे. अमेरिकेतल्या मराठी घरांत हे कधीचेच होते आहे; बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील तिथे मुबलक दिसतात. ज्या घरी वार खाली निघाली आहे, तिथे तरी ही सोय न राहता नियम व्हावा. आणि माहेरी यायचेच असेल तर ‘पोचली’ हा शब्द जरा जपून वापरावा. आखातातून येणारी बाई गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून सावंतवाडीला गेली, की घरचे म्हणतात ती सुखरूप पोचली. पण सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णांना आजही गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते, साठेक किलोमीटर माघारी. तिची खरी मुक्कामाची जागा पणजीच्या आसपास एखादी भाड्याची खोली असेल, मग आईला तिथे येऊन राहावे लागले तरी चालेल.

रक्त म्हटले की आपण ते बाटलीतल्या पाण्यासारखे सगळीकडे सारखे धरतो. ते तसे नसते. भारतात दर शंभरांत साधारण पाच जण आर-एच निगेटिव्ह असतात. थायलंड, जपान, चीन या भागांत शंभरांत एकही धड नाही. बी निगेटिव्ह असलेली कोल्हापूरची मुलगी बँकॉकला चार दिवस गेली, तर तिच्यासाठीचे रक्त तिथल्या रक्तपेढीत दुर्मीळ वस्तू आहे. शिवाय रक्त थोडेसे गेले तरी तिला ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागते. याहून चमत्कारिक गोष्ट आपल्याच शहराच्या नावाची आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला एक रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केला, जग त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणते. भारतात दहा हजारांत एखाद्याचा तो असतो, युरोपात जवळपास नाहीच. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो. परदेशी इस्पितळात जीव वाचवण्यासाठी कुणालाही चालणारे म्हणून ओ निगेटिव्ह रक्त टांगतात, आणि या बाईला तेच घातक ठरते. अशा बायका थोड्या, हे कबूल. पण त्या बहुतांशी आपल्यातल्या आहेत. रक्तगटाची पूर्ण तपासणी निघण्याआधी करून घ्यायला किती पैसे लागतात, हा विचार ज्याचा त्याने करावा.

आक्षेपांपैकी दोन मला वजनदार वाटतात. पहिला पैशाचा. आखातात तुटपुंज्या पगारावर असलेल्या माणसाच्या बायकोला तिथले बाळंतपण परवडत नाही, आणि भारतात काढलेले बहुतेक प्रवासविमे बाळंतपण वगळतात. तिला तिथेच थांब म्हणणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार होईल. मान्य. पण हिशेब मिनिटांचा धरला तर तिच्यासाठीही उत्तर निघते. सातव्या महिन्याच्या मुहूर्ताची वाट न पाहता विसाव्या आठवड्याचा अहवाल हाती येताच, रक्त एकदाही गेलेले नसताना, तीन तासांच्या विमानाने मोठ्या गावी यावे. दुबई ते मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई हे दोन्ही ‘परदेशप्रवास’च, पण त्यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. दहांत नऊंची वार वर जाते, मग एवढा बाऊ का, असे म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचे: ३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वाट मोकळी दिसली तर आनंदाने तिकीट काढा. नऊजणींत आपण आहोत हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. ज्या बाईचे पहिले बाळंतपण सिझरने झाले आहे आणि आता वार खाली, पुढच्या बाजूला, जुन्या टाक्यांवर बसली आहे, तिला मात्र ही सवलत नाही. वार टाक्यांतून गर्भाशयाच्या भिंतीत मुळे रोवू शकते. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत अशा दुसऱ्या सिझरला ११ टक्के आणि तिसऱ्याला ४० टक्के बायकांत ती रुतलेली निघाली. तेव्हा गर्भाशय काढावे लागते आणि रक्ताच्या पिशव्या मोजायला बोटे पुरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली दिसली. म्हणजे ही बाई आता विरळा राहिलेली नाही, आणि ‘दुसरी खेप आहे, मला सगळे माहीत आहे’ म्हणणारी बहुधा तीच असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मेळघाटातल्या बाईपासून रक्तपेढी कायमच तासन्‌तास दूर असते. तिच्याबद्दल न बोलता विमानाने हिंडणाऱ्यांची चिंता कशाला? माझ्या दृष्टीने हा आक्षेप माझ्याच बाजूची साक्ष आहे. दोघींना मारणारी गोष्ट एकच: अंतर. फरक एवढाच की मेळघाटातल्या बाईवर ते अंतर लादलेले असते आणि विमानातली बाई ते पैसे मोजून विकत घेते. आदिवासी जिल्ह्यांत आपल्या आरोग्य खात्याने बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायची योजना काढली आणि तिला नाव दिले ‘माहेरघर’. वार खाली असलेल्या बाईला तिथेही पुरेसे मिळत नाही, तिला पुढे रक्त असलेल्या रुग्णालयातच हलवावे लागते. पण ज्या कोणा अधिकाऱ्याला हे नाव सुचले, त्याला माहेर म्हणजे काय ते नेमके कळले होते.

या सभागृहात डॉक्टर मंडळी बरीच आहेत, म्हणून एक विनंती करून थांबतो. ‘जपून राहा’ हे वाक्य कृपा करून सोडा. त्याचा अर्थ प्रत्येक घर आपल्या सोयीने लावते, आणि सासू त्याचा अर्थ अंथरुणाला खिळणे असा करते, ज्याला काही आधार नाही. अहवाल नवऱ्याच्या हातात देऊन त्याच्याशी बोलू नका, बाईशी बोला. निर्णय तिचा आहे. आणि विमानाच्या दाखल्यावर सही करण्याआधी त्याच कागदाच्या पाठीमागे तिच्या हाताने दोन पत्ते लिहून घ्या: निघण्याच्या गावची रक्तपेढी आणि पोचण्याच्या गावची. दुसरा पत्ता लिहिता आला नाही, तर सही करू नका.